नाशिकलाच बीएस्सी कॉम्प्युटर करावं का? माझं मत, जरा सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण २००१ साली माझ्या आईने आमच्या शेजारच्या काकांना अगदी हाच प्रश्न विचारला होता, फक्त तेव्हा एआय नव्हतं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते, ताई पिंपळगावच्या, मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के, सीईटी जेमतेम, नाशिकमध्ये एका छोट्या कॉलेजला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स मिळतंय आणि दुसरीकडे पुण्यात एका खाजगी युनिव्हर्सिटीत बीटेक मिळतंय, पण फी, होस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला साडेतीन लाखाच्या घरात जातंय आणि मिस्टर म्हणतायत द्राक्षाच्या बागेवर कर्ज काढू. त्यांना विचारायचंय की छोट्या कॉलेजातून पुढे काही होतं का, एआयमुळे नोकऱ्या राहतील का, आणि लॅपटॉप कुठला घ्यायचा.

आधी उत्तर देऊन टाकते मग वाटलं तर पुढचं वाचा. कर्ज काढू नका, नाशिकलाच बीएस्सी करू द्या, आणि वाचलेल्या पैशातला एक भाग तिच्या डिग्रीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवा, खरा खर्च तेव्हा करायचाय. चार वर्षांचे चौदा लाख होतात, आणि बाग एखाद्या वर्षी बेमोसमी पावसात गेली तर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार.

आता माझं. मी नाशिकरोडची, वडील इथल्या सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसला होते. माझं कॉलेज इतकं छोटं होतं की कॉम्प्युटर लॅबमध्ये चालू असलेली सात मशीन आणि आम्ही चाळीस जण. २००४ ला बीएस्सी, मग एमसीए, मग पुण्यात नऊ वर्षं नोकरी, आणि आता बरीच वर्षं इथे सातपूरला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे मशीनवरून डेटा घ्यायचा आणि किती माल निघाला, किती रिजेक्शन गेलं, मशीन किती वेळ बंद होतं ते मालकाला मोबाईलवर दाखवायचं. फ्रेशर घ्यायचे असले की इंटरव्ह्यू मीच घेते, त्यामुळे छोट्या कॉलेजची मुलं मी दोन्ही बाजूंनी बघितलीयेत.

सात मशीन असल्यामुळे एक चांगलं झालं. आम्हाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला एक सर होते, तासिका तत्त्वावर, पगार किती मिळायचा ते देव जाणे आणि तोही वेळेवर नाही, पण माणूस अस्सल. त्यांचा नियम होता की वहीत ड्राय रन, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने हाताने चालवून बघणं, केल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. एकदा फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम होता, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंतचा गुणाकार, सी चालवायचं सॉफ्टवेअर टर्बो सी, ती निळी स्क्रीन. सात दिलं की ५०४० येतं, बरोबर. आठ दिलं की उत्तर यायला हवं ४०३२०, आणि स्क्रीनवर आलं उणे २५२१६. आम्ही म्हटलं सर मशीन बिघडलंय. सर म्हणाले मशीन बिघडलेलं नाहीये, आता घरी जा आणि हे उणे २५२१६ कुठून आलं ते उद्या सांगा, नाहीतर लॅबमध्ये येऊ नका. रात्री मी आणि माझी मैत्रीण सोळा चौकोन काढून एकेक बिट भरत बसलो तेव्हा कळलं, टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, सोळा बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या सोळा जागा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं, त्याच्या पुढे गेलं की गोल फिरून मायनसमध्ये जातं, आणि ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की येतात उणे २५२१६. हे इतकं सविस्तर का सांगतेय ते पुढे येईल, लक्षात राहू द्या.

आधी डिग्रीचा मुद्दा. लोकांना वाटतं छोट्या कॉलेजची डिग्री म्हणजे छोटी डिग्री. पुणे, नगर आणि नाशिक जिल्ह्यातली बहुतेक बीएस्सीची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली, विद्यापीठ १९४९ चं, आणि सर्टिफिकेटवर नाव विद्यापीठाचंच असतं. पुण्यात एफसी रोडवरच्या मोठ्या कॉलेजातल्या पोराचं आणि तुमच्या मुलीचं कागदावर बरचसं सारखंच. सिलॅबस पण वाईट नाहीये, सी, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस (पोस्टग्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर), ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, जावा, सोबत गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स. कोणी बीसीए सुचवलं तर तेही चालतं, पण गणित झेपत असेल तर बीएस्सीच घ्या, पुढे एमसीएच्या सीईटीत गणित येतं आणि तेव्हा बीसीएवाली मुलं क्लास शोधत फिरतात. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स, ते तेव्हा बघा.

फरक कुठे पडतो ते आता प्रामाणिकपणे सांगते. मोठ्या कॉलेजात आजूबाजूची दहा पोरं काहीतरी करत असतात, हॅकेथॉन, इंटर्नशिप, कोणाचा सिनियर कुठे लागलाय, त्या हवेतच मूल ढकललं जातं. छोट्या कॉलेजात ढकलणारं कोणी नसतं. आणि काही न शिकता पास होता येतं ही खरी गोम आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकलला स्लिपा असतात, एक स्लिप उचलायची आणि तो प्रोग्रॅम करून दाखवायचा. त्या स्लिपांची सोडवलेली उत्तरं सगळीकडे फिरत असतात, झेरॉक्सच्या दुकानात सेटच्या सेट मिळतात, पोरं ते पाठ करतात, हो कोड पाठ करतात, सेमीकोलन सकट, आणि चांगल्या मार्कांनी पास होतात. मग तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट विकत. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम. मी इतक्या लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बघितल्यात की मला आता पुस्तकांचीच भीती वाटते. एकाला विचारलं, एकच पुस्तक दोघांनी एकाच क्षणी इश्यू केलं तर तुझ्या सिस्टीममध्ये काय होईल, तर तो म्हणाला मॅडम आमच्या लायब्ररीत एवढी गर्दी नसते. उत्तर चुकलं पण पोरगं आवडलं मला.

आता ज्याच्यासाठी ते फॅक्टोरियल सांगितलं ते. मागे लासलगावकडचा एक मुलगा आला होता इंटरव्ह्यूला, काका आडतदार, त्यामुळे याने प्रोजेक्ट केलेला हिशोबपट्टीचा, म्हणजे कांद्याची ट्रॅक्टर ट्रॉली आली, वजन क्विंटलमध्ये, भाव, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याला किती द्यायचे. मला बघूनच बरं वाटलं, लायब्ररी नाही तर. त्याने सांगितलं की पट्ट्या सगळ्या बरोबर येतात पण सीझनमध्ये दिवसाची बेरीज काकांच्या वहीशी कधीकधी जुळत नाही, थोडे रुपये इकडे तिकडे होतात, काका म्हणतात चालतंय. मी म्हटलं कोड दाखव. कोड छान नीटनेटका, कमेंट वगैरे टाकलेल्या, मी विचारलं एआयकडून घेतलास का, तो म्हणाला हो बराचसा. बेरीज ज्यात साठवायची ते व्हेरिएबल जावामध्ये फ्लोट, म्हणजे दशांशाच्या संख्येचा प्रकार, ठेवलेलं. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं सांग, फ्लोटमध्ये संख्येसाठी चोवीस बिट धर, किती मोठ्या रकमेपर्यंत एकेक रुपया वेगळा ओळखू येईल?

गप्प. पाच मिनिटं गप्प. मी चहा मागवला. आणि मग त्याने खरंच काढलं, हळूहळू, दोनाचा चोविसावा घात, १,६७,७७,२१६. म्हणजे बेरीज १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ ला पोचली की त्यात एक रुपया मिळवला तरी आकडा हलतच नाही, त्याच्या पुढे विषम रुपया मावतच नाही. रुपयाखालचे सुटे पैसे तर त्याच्या आधीच, ८३ लाख ८८ हजार ६०८ च्या पुढे गायब. आणि सीझनमध्ये त्यांच्याकडे दिवसाला एवढी उलाढाल व्हायची, एरवी नाही, म्हणून "कधीकधी". त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मग स्वतःच म्हणाला, म्हणजे सगळं पैशात धरायचं आणि पूर्णांकात ठेवायचं, लाँगमध्ये, म्हणजे मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात. घेतला त्याला. कांद्याचं सॉफ्टवेअर केलं म्हणून नव्हे, पाच मिनिटं गप्प बसून कागदावर काढलं म्हणून.

आता गंमत बघा, तो लागला आणि तिसऱ्याच महिन्यात अंबडच्या एका कारखान्यातून फोन, तुमच्या डॅशबोर्डवर प्रेस मशीनचं प्रॉडक्शन मायनस दाखवतंय. सकाळी सगळं ठीक, दुपारी मायनस. मशीन मिनिटाला २० स्ट्रोक, दोन शिफ्ट, म्हणजे दिवसाला १९,२००. मी काही बोलायच्या आधी याने मोबाईलवर भागाकार केला आणि म्हणाला मॅडम, काउंटर तीन दिवसांपूर्वी सकाळी शून्य केला होता का? होता. सोळा बिटांचं रजिस्टर, म्हणजे मशीनमधली आकडा ठेवायची जागा, ६५,५३५ झाले की परत शून्य, चौथ्या दिवशी दुपारी उलटला आणि आपण नवीन आकड्यातून जुना वजा करत बसलो. चूक आमचीच होती, म्हणजे माझ्या टीमची, आणि तो कोड लिहिणारा माणूस चांगल्या नावाजलेल्या कॉलेजचा इंजिनियर होता.

टर्बो सी, कांदा आणि प्रेस, तिन्ही ठिकाणी तोच पहिल्या सेमिस्टरचा कंटाळवाणा धडा, संख्या मशीनमध्ये कशा ठेवतात तो, जो सगळे दोन मार्कांसाठी पाठ करतात. एआयचं तुम्ही विचारलंत ना, त्याचं माझं उत्तर यातच आलं. नुसता कोड टाईप करणाऱ्या फ्रेशरचं काम कमी झालंय, हे खोटं बोलून उपयोग नाही, आम्ही पूर्वी जिथे तिघं घ्यायचो तिथे आता दोघं घेतो. पण आलेला कोड कुठे गंडलाय आणि का, हे सांगणारं माणूस लागतंच, किंबहुना जास्त लागतंय, कारण कोड आता पोत्याने येतो.

पुढचे रस्ते सांगते, जरा उड्या मारत.

बीएस्सीनंतर लगेच नोकरी, तर मोठ्या सर्व्हिस कंपन्या बीएस्सी, बीसीएवाल्यांना घेतात, टीसीएसची एनक्यूटी परीक्षा आहे, विप्रोचा डब्ल्यूआयएलपी प्रोग्रॅम आहे ज्यात नोकरी करता करता कंपनीच एमटेक करवते. पगार इंजिनियरपेक्षा कमी, काम सपोर्टचं असू शकतं, पण घरच्या परिस्थितीला हा भक्कम रस्ता आहे. नाशिकमधल्या छोट्या कंपन्या सुरुवातीला महिना बारा-पंधरा हजार देतात, आम्ही थोडे जास्त देतो पण फार नाही, लाज वाटते पण खरं आहे. तरी घरून जाऊन येऊन पंधरा हजार आणि पुण्यात खोली करून पंचवीस यात हातात काय उरतं ते लिहून काढा एकदा.

दुसरा, आणि मला सगळ्यात आवडता, सीडॅक या केंद्र सरकारच्या कॉम्प्युटर संस्थेचा डॅक कोर्स. सहा महिन्यांचा, सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा, वर्षातून दोन बॅच, फी साधारण लाखाच्या घरात, पण नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर सहसा घेत नाहीत, एमसीए किंवा एमएस्सीनंतरचा हा रस्ता, तेव्हा पात्रता आधी तपासा. मी म्हटलं ना पैसे बाजूला ठेवा, ते यासाठी. सी-कॅटमध्ये सी, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क हे येतं, म्हणजे बीएस्सी जिने खरंच केलंय तिचा अर्धा अभ्यास झालेलाच असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत पिळून काढतात, पोरं बारीक होऊन येतात, पण छोट्या कॉलेजचा शिक्का तिथे बराच पुसला जातो. पुण्याचं सेंटर पाषाणला आहे आणि पत्त्यात पंचवटी आहे, त्यामुळे नाशिकच्या पोरांना घरच्यासारखं वाटायला हरकत नाही.

तिसरा एमसीए, २०२० पासून दोनच वर्षांचा झालाय, आमच्या वेळी तीन होता. इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच कंपन्या अर्ज चाळतानाच बीई, बीटेक, एमसीए एवढंच ठेवतात, बीएस्सीचा अर्ज कोणी उघडून पण बघत नाही. अन्याय आहे, पण आहे. त्यामुळे मुलीला मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत जायची इच्छा असेल तर एमसीए धरूनच चाला, बीएस्सी तीन आणि एमसीए दोन, पाच वर्षं, आणि एमसीए मात्र चांगल्या ठिकाणी, तेव्हा नाशिक सोडायला लागलं तर खुशाल सोडा. एकवीस वर्षांची मुलगी स्वतःचं बघून निर्णय घेते, अठराव्या वर्षी आपण तिच्या नावाने घेतो.

आणि जे कोणी सांगत नाही ते म्हणजे नाशिकचं स्वतःचं काम. आयटी पार्कच्या गप्पा मी कॉलेजला असल्यापासून ऐकतेय, त्या सोडा. पण सातपूर, अंबड, सिन्नरला कारखाने आहेत, महिंद्रा, बॉश यांचे प्लांट आणि त्यांना माल देणारी शेकडो छोटी युनिट, ओझरला एचएएल, डेटा सेंटरवाली ईएसडीएस इथलीच. कारखान्यांना ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) सांभाळणारी, पीएलसीमधून (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) डेटा काढणारी, नेटवर्क बघणारी माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत, कारण सगळ्या पोरांना वेबसाईट बनवायच्या असतात. शेतीचंही तेच. तुमची बाग एक्स्पोर्टची असेल तर अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेटवर प्लॉटचं रजिस्ट्रेशन असेलच, प्लॉट, रेसिड्यूचा (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट, पॅकहाऊस, कंटेनर सगळं एका साखळीत जोडलेलं असतं म्हणजे युरोपातल्या पेटीवरून मागे तुमच्या प्लॉटपर्यंत येता येतं. हे मुंबईच्या मुलाला समजावायला मला अर्धा दिवस लागतो, तुमच्या मुलीने लहानपणापासून छाटणीच्या तारखा आणि फवारणीच्या नोंदी घरात ऐकल्यात. तिने प्रोजेक्ट म्हणून घरचीच फवारणीची वही मोबाईलवर आणली, आणि कुठलं औषध मारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं ते त्यात चुकू दिलं नाही, तर मी तिला इंटरव्ह्यूत एक तास बसवून घेईन.

सरकारी परीक्षा, बँकेच्या आयटी पोस्ट, नेट-सेट करून प्राध्यापकी हेही रस्ते आहेत, पण प्राध्यापकीचं वर सरांच्या पगाराचं लिहिलंच आहे, त्यामुळे डोळे उघडे ठेवून.

दोन ठिकाणी सावध. नोकरी लावून देतो म्हणून ट्रेनिंगचे पैसे मागणाऱ्याला एक रुपया द्यायचा नाही, माझ्या बॅचच्या मैत्रिणीचे त्या काळात तीस हजार गेले, ऑफिसला एके दिवशी कुलूप. आणि ओरिजिनल मार्कशीट कुठल्याही कंपनीकडे ठेवायची नाही, बाँड असो की काही असो, झेरॉक्स द्या.

ॲडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजला एकदा स्वतः जा, मुलीला घेऊन, आणि प्लेसमेंटचं बोर्डावरचं पोस्टर बघू नका. लॅबमध्ये जा. असिस्टंटला विचारा की लेक्चर संपल्यावर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते आणि मुलांना नुसतं बसू देतात का. मशीनवर धूळ आहे का बघा. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली गाठा आणि विचारा, अडलं तर कोणत्या सरांकडे जाता. दोघींनी पटकन एकच नाव घेतलं तर घ्या ॲडमिशन. एक चांगला मास्तर पुरतो, मला पुरला. बाकीचं एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत, इंग्रजी सुरुवातीला जड जाईल तर वेग कमी करून ऐकायचं, मी आजही तसंच ऐकते.

पिंपळगावहून रोज एसटीने येणं-जाणं करणार असेल तर पहिलं वर्ष बघा, झेपलं नाही तर दुसऱ्या वर्षापासून कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे मुलींचं होस्टेल किंवा दोघी-तिघींनी मिळून खोली, कारण लॅबमधलं खरं काम चार वाजल्यानंतरच होतं आणि तेव्हाच हिला बस पकडायची असते.

लॅपटॉपची घाई करू नका. गेमिंगवाला तर अजिबात नको, दुकानदार तोच गळ्यात मारेल. पहिलं सेमिस्टर कॉलेजच्या मशीनवर आणि वहीत सी करू द्या. दिवाळीनंतर एखादा रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप बघा, ८ जीबी रॅम, एसएसडी असलेला, पुढे रॅम वाढवता येईल असा, वीस-पंचवीस हजारात येतो, आणि त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घ्या, फुकट आहे. टाकायला तिलाच सांगा. पहिल्यांदा बिघडवेल, दुसऱ्यांदा नीट टाकेल, तोपर्यंत त्यात घरचे फोटो ठेवू नका.